अंगावरची उचल

(पहाट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला उसाचा फड. अंधारात कोयत्यांचा आवाज.)

पहाटेचे पाच. पाला दवानं ओला आहे, पण कोयते कधीच सुरू झालेत. ऊस बुडख्याशी तोडायचा, वरचं वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, उडवायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची. नवरा तोडतो, बायको सोलते आणि बांधते. या दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. एकटा आला, तर 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत माणसं मोजतच नाहीत.

(मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई.)

हिच्याकडे नीट बघा. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कारण उसाचं पान हात चिरतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, पायाखाली वीतभर रुंद फळी. ट्रॉली भरायला उशीर झाला, तर कारखान्याच्या रांगेत रात्र जाते. म्हणून ती थांबत नाही. वाटेत कोपीतलं, म्हणजे तळावरच्या झोपडीतलं, पोर रडतं, तेव्हा फक्त मान वळवते.

(कोप्या. ताडपत्री, चूल, बैल.)

ही माणसं बीडची, जालन्याची, परभणीची. दसरा झाला की निघतात, पाडव्याच्या सुमाराला परततात. टोळी बांधली जाते ती भावकीतून, जातीतून. वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, भिल्ल, कोरडवाहू मराठासुद्धा. पण यातला ज्याला गावात वावच नाही, तो बहुतेक करून दलित किंवा भटका. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कुणाला मिळू दिली नाही, ते या तळावर आलं की कळतं. ज्याचा ऊस आणि जो तोडतो, त्यांची आडनावं क्वचितच जुळतात.

(मुकादमाची वही, जवळून. पानावर निळा अंगठा.)

आता ही वही. सगळी गोष्ट हिच्यातच आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लेकीचं लग्न असतं, दवाखाना असतो. तेव्हा मुकादम उचल देतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे. पैसा कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आलेला असतो. वरच्या ओळीत उचलीचा आकडा, खाली दर आठवड्याची खर्ची, म्हणजे खाण्यापिण्याला दिलेले पैसे, आणि मध्ये मध्ये एक शब्द: खाडा. ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडलं, काम बुडलं की खाडा. 'एकाचा खाडा पडला की कोयताच बसतो,' एक बाई सांगते, 'दंड दोघांचा.' टनाला दर किती? जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ होऊन तो 366 रुपयांवर गेला. कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोन माणसांच्या बारा-चौदा तासांचे साडेपाचशे ते सव्वासातशे. त्यातून उचल फिटली तर फिटली. नाहीतर बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे यावं लागतं.

काही टोळ्या उचल घेतात आणि कामावर येतच नाहीत, कोल्हापूरच्या वाहतूकदारांचे लाखो रुपये बुडतात, हे खरं आहे. पण पैसे बुडाले म्हणून माणूस डांबून ठेवता येत नाही.

(दसरा चौक. छत्रपती शाहू महाराजांचा पुतळा.)

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली गावकीच्या सक्तीच्या कामाला बांधून ठेवणारी महार वतनं रद्द केली, 1920 साली हुकूम काढून वेठबिगारी बंद केली. संविधानाचं कलम 23 सक्तीच्या मजुरीला मनाई करतं. 1976 चा कायदा वेठबिगारी कर्ज रद्दच समजतो आणि ते कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर टाकतो. 1982 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही सक्तीचीच मजुरी. 1976 च्या कायद्यानुसार जिल्ह्यात दक्षता समिती असायला हवी. तिनं आधी ही वही मागावी.

वहीत पाळीचाही खाडा पडतो, हे लक्षात ठेवून पुढचा आकडा बघा. 2019 साली बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. मुलांची शाळा सहा महिने सुटते.

(पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. ट्रकवर संसार, वर बसलेली पोरं. मुकादम वही उघडतो.)

हिशेब झाला. आकड्याखाली रेघ मारली. मुकादमानं पान उलटलं, वरच्या ओळीत मागची बाकी लिहिली, आणि शाईची डबी पुढे सरकवली.