विहिरीत दम धरायचा, समुद्रात नाही

(सकाळ. रंकाळ्याचा कठडा, मागं संध्यामठ. बोलणारा थेट कॅमेऱ्याकडं बघतो.)

आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवताना आजोबांनी माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि काठावरून सोडून दिलं. डबा सुटला त्या उन्हाळ्यापासून आम्हा पोरांची एकच पैज असायची. बुडी मारून तळ गाठायचा आणि मूठभर चिखल वर आणून दाखवायचा. ज्याचा दम मोठा, तो भारी. कोल्हापूरच्या आसपास वाढलेल्या कितीतरी जणांना पाणी असंच भेटलंय. विहीर, नाहीतर पंचगंगेचा घाट, आणि छातीत कोंडून धरलेला श्वास.

पुढं एका सेमिस्टरसाठी मी मॉरिशसला शिकायला गेलो. तिथं स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरायचा कोर्स लावला, आणि नेमकी हीच सवय माझ्या जिवावर बेतणार होती. आज तेच सांगायचंय. आपल्याकडची पोरं सुट्टी लागली की मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला निघतात. परदेशात शिकणारी तिथल्या बेटांवर शिकतात. आणि चांगलं पोहता येतं म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं.

आधी काय झालं ते ऐका. कोर्सचा दुसरा दिवस, मॉरिशसच्या पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा. तिथं किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाचा बांध आहे. लाटा त्याच्यावर फुटतात आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. खोली जेमतेम दोन मीटर. आम्ही वाळूवर गुडघे टेकून बसलेलो. सराव साधा होता. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकानं हवा फुंकून ते बाहेर काढायचं. पाणी डोळ्यांपर्यंत चढलं, थोडं नाकात गेलं, आणि मी विहिरीतल्या पोरानं केलं असतं तेच केलं. छाती भरून श्वास धरला, वाळूवर पाय मारला आणि वर उसळलो.

इन्स्ट्रक्टरनं अर्ध्या वाटेत जॅकेटचा पट्टा पकडून मला थांबवलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तो सावकाश पुढं नेला. श्वास सोड. मी सोडला, तेव्हा मास्कसमोर बुडबुड्यांचा पडदाच उभा राहिला. वर आल्यावर तो रागावला नाही. तिथल्या क्रिओल भाषेत एवढंच म्हणाला, "दुस्मां, दुस्मां." हळू, सावकाश. आणि मग म्हणाला की फुप्फुस फाटायला दोन मीटरसुद्धा पुरतात.

(हातात अर्धवट फुगवलेला फुगा.)

हे नीट समजून घेऊया, कारण सगळा खेळ इथंच आहे. इथं काठावर आपल्यावर हवेचा जो दाब आहे, त्याला ढोबळमानानं एक समजा. समुद्रात १० मीटर खाली गेलात की तो दोन होतो, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत मावते. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला हा नियम आपण शाळेत पाठ केलाय.

आता विहिरीतली बुडी आठवा. छातीत सहा लिटर हवा भरून तुम्ही वरून निघालात. १० मीटर खाली गेलात तर तीच हवा तीन लिटर होईल. वर आलात की परत सहा. जेवढी नेली तेवढीच आणली. म्हणून बुडी मारताना दम धरल्यानं फुप्फुसाला काही होत नाही.

स्कूबामध्ये तसं नाही. तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला नळीनं जोडलेलं श्वास घ्यायचं यंत्र, तुम्हाला आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो. तसं केलं नाही तर छाती फुगवताच येणार नाही. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये असा रेग्युलेटर तयार केला आणि आजचा स्कूबा सुरू झाला. म्हणजे १० मीटर खालीसुद्धा तुमची छाती पूर्ण सहा लिटर भरलेली असते. आता तोंड मिटून वर या. त्या सहा लिटरचे बारा व्हायला बघतात. बारा लिटर हवा मावेल अशी छाती कुणाची नसते. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

आणि सगळ्यात घातक टप्पा वरचाच. ३० वरून २० मीटरवर येताना दाब चाराचा तीन होतो. शेवटच्या १० मीटरमध्ये तो एकदम निम्मा होतो. पुढच्या आठवड्यात इन्स्ट्रक्टरनं आम्हाला हे डोळ्यांनी दाखवलं. १० मीटरवर प्लॅस्टिकची बाटली उलटी धरली, तिच्यात अर्ध्यापर्यंत हवा सोडली आणि आम्ही सगळे मिळून हळूहळू वर निघालो. हवा बाटलीत वाढत गेली. पृष्ठभागाजवळ बाटली गच्च भरली आणि तोंडातून बुडबुडे सांडायला लागले. बाटलीला तोंड उघडं होतं म्हणून. माझी नजर त्या तोंडावरून हटेना.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीच धरायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी तो परत सापडेपर्यंत बारीक बुडबुडे सोडत राहायचे. हे अंगात मुरायला मला आठ दिवस लागले. माझा चुलतभाऊ तालमीत जातो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, वस्ताद जोर मारतानाही तेच सांगतात, श्वास कोंडू नको, लयीत सोड. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

एक गैरसमज मात्र आत्ताच दूर करतो. पाठीवरच्या सिलिंडरला सगळे 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतात. त्यात गाळून, दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो, झटके येऊ शकतात. बार हे दाबाचं माप, काठावरचा दाब साधारण एक बार. बारा लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात साधारण २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर लागतात असं धरा. काठावर बसून ती दोन तास पुरेल, १० मीटरवर एक तास, २० मीटरवर चाळीस मिनिटं. आणि शेवटचे ५० बार राखून वर यायचं असतं. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याची हवा याच्या कितीतरी आधी संपते. तिथंही दुस्मां.

पोहण्याचं म्हणाल तर ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सला, साधारण २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं एवढंच लागतं. त्यापेक्षा कान महत्त्वाचे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दर मीटरभराला, दुखायच्या आधी. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊच नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. आणि पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. सगळं ठीक असेल तर बोटांचं गोल दाखवायचं.

(मनगट कॅमेऱ्याजवळ. लाल दोरा.)

हा दोरा बघा. निघताना आईनं अंबाबाईच्या देवळातून आणून बांधला होता. कोर्सच्या शेवटच्या डाइव्हला आम्ही १७ मीटरवर होतो. सहज हाताकडं लक्ष गेलं तर दोरा लाल नव्हताच. करडा, चिखलट. मला वाटलं रंग गेला. इन्स्ट्रक्टरनं जवळ येऊन त्याच्यावर टॉर्च मारला आणि तो एकदम कुंकवासारखा पेटला. टॉर्च हलला, परत करडा. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, एवढंच त्यामागचं कारण. पुस्तकात हे मी वाचलं होतं. पण घरापासून इतक्या लांब, समुद्राच्या तळाशी, तो दोरा असा परत लाल झालेला बघून मास्कच्या आत डोळे भरून आले.

तसं ते बेट मला परकं वाटलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आपल्यासारखाच. त्याच उसाच्या मळ्यांत राबायला १९ व्या शतकात आपल्या कोकणातली माणसं गेली, त्यांची मराठी कुटुंबं तिथं अजून आहेत. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

आता मालवणचं. तिथं पर्यटक करतात ती बहुतेक 'ट्राय डाइव्ह' असते. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून पाच-सात मीटरवर फिरवून आणतो. छान अनुभव आहे, जरूर घ्या. पण त्यानं तुम्ही डायव्हर होत नाही. कोर्समध्ये पुस्तकी भाग, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, आणि मग १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं. ट्राय डाइव्हलाही उतरण्याआधी मास्कमधलं पाणी काढायचा सराव उथळ पाण्यात करून घ्या. घाईत कुणी टाळत असेल तर बोटीतून उतरू नका.

आणि कोल्हापूरकरांसाठी खास एक गोष्ट. खाली असताना दाबामुळं श्वासातल्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतात, आणि विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८ तास जाऊ देतात. उंचीवर हवेचा दाब कमी, तिथं उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो. आता मालवणहून घरी यायचं म्हणजे समुद्रसपाटीवरून थेट घाट चढायचा. घाटमाथा सहाशे-सातशे मीटरवर, आपलं कोल्हापूरसुद्धा साधारण साडेपाचशेवर. पाच-सात मीटरवरच्या पंधरा मिनिटांनी फारसं बिघडत नाही. पण कोर्स करताना दिवसाला दोन-दोन खोल डाइव्ह झाल्या असतील, तर त्या संध्याकाळी गाडी काढू नका. रात्र तिथंच काढा, सुरमई खा, सोलकढी प्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आरामात गगनबावड्याच्या वाटेला लागा.