बगलेतला चौकोन

(गावच्या वाचनालयात हळदीकुंकवाच्या दिवशी झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

माईक जरा खाली घ्या. हं, आता ठीक.

फळ्यावर विषय लिहिला आहे, ‘जुन्या बेताचे सहा कपडे’. बेत म्हणजे कापड कापायचा आराखडा. विषय मीच कळवला होता आणि त्यातले पाच कपडे या पिशवीत आहेत. पण मला साडेपाचची एसटी गाठायची आहे, आणि लुगड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, हे निम्म्याजणींना माहीत आहे.

माझ्या आजीचं एक लुगडं होतं. नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. हिरवंगार, तांबडा काठ, पवनीच्या कोष्ट्यांनी मागावर विणलेलं. आजी गेल्यावर ते माझ्या वाट्याला आलं. मी तेव्हा शाळेत नवी लागलेली, नेसायची हिंमत नव्हती. म्हटलं, याचा लांब झगा आणि पोलकं शिवून घेऊ. तालुक्याला एक नावाजलेले शिंपी होते. नाव सांगत नाही, त्यांचं गणगोत इथेच बसलेलं असायचं. (हशा) मी लुगडं दिलं, मापं दिली आणि पंधरा दिवसांनी गेले.

झगा तयार होता, पण काठ कुठेच नाही! मधलं कापड कापून घेतलेलं, पदराचं खिशाला अस्तर. पोलकं इतकं तंग की पाटीवर तारीख लिहायला हात वर केला आणि बगलेत टर्र! पोरं हसली. मी तशीच भर दुपारी शिंप्याकडे. विचारलं, बाकीचं कापड? म्हणतात, “मॅडम, आटलं.”

तीस वर्षं नदीवर आपटून धुतलेलं लुगडं म्हणे आटलं! मी मान वळवली तर त्यांच्या मशीनवर गवसणी. हिरवी. तांबड्या काठाची.

मी भांडले नाही. घरी आले, रडले, आणि पुढच्या पगारात जुनी पायमशीन विकत घेतली. सासूबाई म्हणाल्या, “मास्तरीण हायेस नं तू, आता मशीन काहून हाणून राहिली?” मला शिवता येत कुठे होतं! म्हणून आधी उसवायला शिकले. आजीची एक चोळी पेटीत होती, तिची शिवण सुईच्या टोकानं उसवली आणि तुकडे जमिनीवर मांडले. बायांनो, मी थक्क झाले. सगळे सरळ तुकडे. आपल्या ब्लाऊजला मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, गोल कापतात, त्यात चिंध्या निघतात. इथे चिंधी नाही. कोष्ट्यानं दिलेल्या पन्ह्यातच, म्हणजे कापडाच्या रुंदीतच, सगळं बसवलेलं. आणि बगलेत एक तीन बोटांचा चौकोन, कोपऱ्यावर उभा करून जोडलेला, म्हणजे तिथे कापड उरेब, तिरपं पडतं. हात वर केला की तो चौकोन ताणतो आणि उघडतो. हात खाली, की गपगुमान आत घडी.

एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकी पिशवी निमित्त आहे.

आपण कापूस वेचायला जातो तेव्हा काय घालतो? साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. का? झाडाचे काटेकुटे, ऊन हे खरंच. पण फुल बाह्यांचं ब्लाऊज का नाही शिवून घेत? कारण त्यात हात चालत नाही. शिंपी आरशापुढे उभं करून माप घेतो, हात खाली सोडून. वावरात हात खाली सोडून कोण उभं राहतं? आजीच्या चोळीला टक, म्हणजे छातीशी घालतात त्या चुण्या, नव्हते, पुढे गाठ मारावी लागे, सगळंच जुनं सोनं म्हणायला मी इथे आलेली नाही. पण तिच्या बगलेत तो चौकोन होता.

आता गंमत ऐका. भाचीनं मला इंटरनेटवरून एक जुना अमेरिकी नमुना काढून दिला, 1950 च्या दशकातला झगा. हे कागदी नमुने तिकडे 1863 पासून वेगवेगळ्या मापांत विकले जातात, बटरिक नावाच्या शिंप्यानं ते सुरू केलं. या झग्याची बाही अंगापासून वेगळी नाही, एकाच तुकड्यात. आणि बगलेत? तोच चौकोन! मी आजीच्या फोटोकडे बघितलं. फक्त एक सांभाळा: त्या नमुन्यावरचा बारा नंबर आजच्या बारापेक्षा पुष्कळ लहान. नंबर विसरा, टेपनं छाती-कंबर मोजा. मी विसरले नव्हते, म्हणून दोन मीटर खादी वाया गेली. (हशा) वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेली, 1938 पासूनची जागा आहे ती, गेलात तर कापड जरूर बघा.

किती वाजले? पाच वीस? अगं बाई.

मग भराभरा ऐका. सुती कापड रात्रभर पाण्यात टाका, वाळवा, मग बेता. सुती खरंच आटतं, पण कोरं असताना. पहिला खाका चांगल्या कापडावर नको, स्वस्तातल्या मांजरपाटावर. माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड, इंचभर ठेवा, पोट वाढतं. चौकोन बसवताना प्रत्येक कोपऱ्याशी सुई कापडात रुतलेली ठेवा, मशीनचा पाय उचला, कापड वळवा, पाय टेका. अंगाच्या कापडाला चीर देता त्या टोकाला मागून बोटभर ठिगळ लावा, नाहीतर तिथूनच फाटेल. उरेब पट्टी गळ्याला, तिला खेचू नका. परकराला काठ खाली, पोलक्याला बाहीवर. बंडी, पायजमा, दोन्ही सरळ तुकड्यांचे, पिशवीतून काढून बघा. सहावा कपडा राहिला, तो मी अंगावर घातलाय.

वर्तमानपत्रावर काढलेले बेत टेबलावर आहेत. घरी न्या, उतरवून घ्या, पण मूळ कागद परत द्या. मागच्या वर्षी एकीनं त्यात भाजी बांधून नेली होती. आणि ज्या बाईचं पोलकं आत्ता बगलेत उसवलंय, तिनं लाजू नये, माझ्याकडे सुई-दोरा आहे, गाडी येईपर्यंत होऊन जाईल.