आधी बुडबुडे

हा व्हिडिओ फ्रंट क्रॉलचा, म्हणजे पालथं पडून आळीपाळीने एकेक हात पुढे टाकत पोहण्याचा. पाण्याखालून पाहिलं की चूक लगेच दिसते. श्वासासाठी मान वर उचलली आणि त्याच क्षणी कंबर खाली गेली, पाय तर तिरके लोंबायला लागले. छातीत हवा असते, ती तरंगते. पायांत तसं काही नाही. डोकं उचललं की पाय बुडणारच.

आता शेजारची लेन. नजर तळाकडे, मान सैल. आणि हे बुडबुडे बघा, चेहरा पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून सलग सुटताहेत.

फ्रंट क्रॉल शिकवताना काही ठिकाणी सुरुवात हातांपासून होते. आम्हाला ते उलटं वाटतं. नवख्याला पंचवीस मीटरांत धाप लागते ती बहुधा दंड थकल्यामुळे नव्हे. श्वास कोंडून ठेवला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. वर तोंड बाहेर येतं क्षणभर; तेवढ्यात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, हे जमणार कसं?

म्हणून छातीइतक्या पाण्यात, काठ धरून, फक्त एवढंच. तोंड पाण्यात, हळूहळू सोडा. कुशीवर वळा, घ्या. परत आत.

इथे चित्र थांबवू. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. डोक्यापुढे पाणी फुगतं आणि गालाशी खळगा पडतो. तोंड त्या खळग्यात उघडलंय. मान एकटी वळलेली नाही, खांदा आणि कंबर सोबत वळलेत. पुढचा हात लांबच आहे. तो घाईने खाली दाबला तर आधार जातो आणि घोटभर पाणी पोटात.

हात खांद्याच्या रेषेत, बोटं आधी. डोक्यासमोर आडवा पडला की अंग सापासारखं वळवळतं, पुढे खांदाही धरतो. पाण्यात कोपर वर, पंजा खाली. बोटांपासून कोपरापर्यंत सगळं वल्हं. कोपर आधी घसरलं तर पाणी मागे ढकललं न जाता नुसतं खाली दाबलं जातं. हात मांडीपाशी बाहेर.

पाय जांघेतून मारायचे, घोटे ढिले. सायकल मारल्यासारखे गुडघे मोडले की ब्रेक लागतो.

आता शेवटची फेरी, आवाज चालू ठेवून. दर तिसऱ्या हाताला श्वास, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मधे फक्त बुडबुडे.