४९ वर्षांचा म्हातारा

(दृश्य : ओनोमिची. पहाट. देवळाचं अंगण, दगडी दिवे, खाली समुद्र.)

१९५३ साली याच अंगणात एक म्हातारा येऊन उभा राहिला. बायको नुकतीच गेलेली. सून शोधत आली, तर हा म्हणतो, सूर्योदय किती छान झाला, आजही उकडणार.

'टोकियो स्टोरी' या जपानी चित्रपटातला हा म्हातारा तेव्हा अवघा ४९ वर्षांचा होता. नट चिशू र्‍यू. पडद्यावरचा थोरला मुलगा सो यामामुरा त्यांच्याहून सहाच वर्षांनी लहान. आणि बायको झालेल्या चिएको हिगाशियामा तेरा-चौदा वर्षांनी मोठ्या! तरी जोडा विजोड वाटत नाही. त्यांचं नुसतं बसणं बघा.

(दृश्य : सफरचंद सोलणारे हात, अगदी जवळून.)

दिग्दर्शक यासुजिरो ओझू. नजर कुठे वळेल, हात कुठे थांबेल, सगळं त्यांनी ठरवलेलं. मग तालमीवर तालमी. र्‍यू निमूट करत. पण १९४९च्या 'लेट स्प्रिंग'मध्ये लेकीची पाठवणी करून बाप रिकाम्या घरी येतो, सफरचंद सोलायला बसतो, तिथे ओझूंनी हंबरडा फोडायला सांगितलं. र्‍यू म्हणाले, मला नाही जमणार. ओझूंनी हट्ट धरला नाही. साल गळून पडते, मान खाली जाते.

(इथे निवेदन नाही. दहा सेकंद.)

(दृश्य : शिबामाता. देवळाकडे जाणारी दुकानांची गल्ली.)

जपानी नट म्हटलं की आपल्याकडे आधी तलवार आठवते. र्‍यूंच्या हाती ती फारशी आलीच नाही. कुमामोतोकडच्या एका बौद्ध देवळातल्या पुजाऱ्याचा हा मुलगा. टोकियोला भारतीय तत्त्वज्ञान शिकायला गेला आणि १९२५ साली शोचिकू या चित्रपट कंपनीच्या कामाता स्टुडिओत शिरला. पुढची दहा वर्षं किरकोळ कामं, गर्दीतला एक चेहरा. वडिलांची गादी सोडली खरी, पण १९६९पासून तोरा-सान या भटक्या नायकाच्या चित्रपटांत शिबामाताच्या या देवळाचे पुजारी तेच. एक-दोन नाही, ४५ चित्रपट! देऊळ ताइशाकुतेनचं, म्हणजे आपल्याच इंद्राचं.

(दृश्य : आझुमिनो. ओढा, पाणचक्क्या.)

१९९०. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'ड्रीम्स'. र्‍यू पंच्याऐंशीच्या घरात आणि भूमिका १०३ वर्षांच्या आजोबांची. म्हणजे अजूनही वय वाढवूनच! १६ मार्च १९९३ रोजी ते गेले.

'ड्रीम्स'मधल्या या गावात मात्र अंत्ययात्रा निघाली आहे. जिच्यावर तरुणपणी मन जडलं होतं, तिचीच. आजोबा उठतात आणि नाचत तिच्यात सामील होतात.