16 फुटी होडीला मोटर केवढी?

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यात शापोरा नदीच्या काठानं, कोलवाळपासून खाली मोरजीपर्यंत, सध्या मला एकच प्रश्न ऐकू येतो. वल्ही मारणारे हात थकले, मुलं नोकरीला लागली, आता होडीला मोटर कुठली लावायची? विचारणारा नेहमी आकड्यापासूनच सुरू करतो. आठ हॉर्सपॉवरची घेऊ, दहाची घेऊ की पंधराची? मी त्याला उलट विचारतो, बाबा रे, होडी मोजलीस का?

आधी वेगाचं सांगतो, कारण पैसा तिथंच वाया जातो. दोन माणसं आणि ओली जाळी घेऊन चालणारी होडी पाण्यात बसून चालते. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठते, मागं दुसरी, आणि त्या दोन लाटांच्या मध्ये होडी अडकते. होडी जितकी लांब, तितकी ती जास्त पळू शकते. याचा हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 नं गुणा. 16 चं वर्गमूळ 4, म्हणजे वेग साधारण 5.4 नॉट, ताशी 10 किलोमीटर. तिथवर पोचायला 5-6 हॉर्सपॉवर पुरते. त्याच्या वर जोर लावलात की होडीची मागची बाजू खाली बसते, नाळ वर उचलते, आणि पेट्रोल लाट उठवण्यात जातं. सपाट तळाची, हलकी फायबरची होडी रिकामी असताना 15 च्या मोटरवर पाण्यावर चढून पळेलही. पण जाळी भरली की ती परत खाली बसते, आणि आपण तर जाळी भरायलाच जातो.

समोरून वारा आला, तर थोडी ताकद हाताशी हवीच. म्हणून नदीत कांडाळ, म्हणजे माशाचं डोकं आसात अडकतं ते उभं जाळं, टाकणाऱ्याला मी 8 ते 9.9 सांगतो. यात कायद्याचाही एक भाग आहे. 1 जून ते 31 जुलै अशा 61 दिवसांच्या पावसाळी बंदीत कांडाळीचा परवाना असलेल्या नोंदणीकृत होड्यांना जी सूट मिळते, ती 10 हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरलाच. 15 ची घेतलीत तर पावसाचे दोन महिने ती पडवीत झाकून ठेवावी लागेल.

आता शाफ्टची, म्हणजे मोटरपासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी. इथं आम्ही स्वतः फसलो होतो. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी मोटर घेतली, लांब शाफ्टची, 20 इंची. मोटर जिथं अडकवतात तो आमच्या होडीचा मागचा फळा होता 15 इंच उंच. पंखा पाच इंच जास्त खोल गेला. उधाणाच्या सुकतीला, म्हणजे मोठ्या ओहोटीला, मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, खाडीत शिरलो आणि पंखा चिखलात रुतला. इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी ओढणाऱ्या पंपानं गाळ ओढला, मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, आणि अंधारात ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. इंजिन जळालं. भरती येईपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो, डासांत, वडिलांसकट. वडील एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुतळी घेतली आणि फळा मोजला.

तेच तुम्ही मोटर घेण्याआधी करा. फळ्याच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत सरळ माप घ्या. 15 इंचांच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 असेल तर लाँग. मोटर लावल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत यावी, फार तर इंचभर खाली. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. दोन्ही टोकं निमुळती असलेल्या जुन्या उलांडीच्या होडीला, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला लाकूड बांधलेल्या होडीला, मोटर बाजूच्या आडव्यावर बसते. तिथंही माप हेच.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? मोटर रोज संध्याकाळी खांद्यावरून घरी न्यायची असेल तर हलकी टू-स्ट्रोक बरी. तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. 50 ला 1 प्रमाण असेल तर 10 लिटरला 200 मिली. अंदाजानं ओतू नका. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पिते, आवाज कमी करते, पण 40 किलोच्या आसपास भरते, आणि जमिनीवर ठेवताना कंपनीनं सांगितलेल्या कुशीवरच ठेवावी लागते, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. माझं मन फोर-स्ट्रोककडे झुकतं, पण पाठीचं दुखणं असलेल्याला मी तिचा आग्रह करणार नाही.

पेट्रोलबद्दल एक महत्त्वाचं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं. इंजिन ओढतं ते तळातूनच. म्हणून मोटर काही दिवस ठेवायची असेल तर पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत मोटर चालू ठेवा.

नदीत खारं पाणी कुठलं, असं म्हणू नका. मांडवी नदीत भरती आत गांजे गावापर्यंत चढते, आणि मे महिन्यात खारं पाणी किती आत येतं ते खाजनवाल्यांना, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली सखल शेतं कसणाऱ्यांना, विचारा. घरी आल्यावर गोड्या पाण्यात मोटर दहा मिनिटं चालवा. पंपातलं रबरी चक्र दर मोसमाला बदला.

शेवटी, एक टोक मोटरला आणि एक आपल्या हाताला असलेली, ओढली गेली की मोटर बंद करणारी ती लाल दोरी. माणूस पाण्यात पडला की मोकळी होडी गोल फिरत त्याच्यावरच येते, आणि पंखा फिरतच असतो. हे मी काठावरून पाहिलंय. तो वाचला, पण त्याच्या पोटरीवर ती खूण अजून आहे. मोटर घ्यायला जाल तेव्हा ती दोरी पेटीत आहे का ते तिथंच उघडून बघा, आणि जास्तीची एक मागून घ्या. मनगटाला बांधल्याशिवाय मोटर चालू करू नका.

नमस्कार.