जेवलं की आडवं व्हायचं नाही

नमस्कार मंडळी. दुपारची जेवणं उरकली असतील. सहावा-सातवा महिना चालू असलेली एखादी रेडिओ उशाशी घेऊन आडवी झाली असेल, तर तिनं आधी उठून बसावं, मग ऐकावं. आजचा विषय तिचाच आहे. दिवस असताना छातीत होणारी जळजळ.

घशाशी आंबट पाणी येतं, करपट ढेकर येतात, छातीच्या मधोमध आग पडते. असं का होतं, ते थोडक्यात सांगते. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं एक झडप असते. दिवस गेले की अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. गर्भाची पिशवी सैल राहावी म्हणून ते लागतंच, पण त्यानं ही झडपही सैल पडते आणि जठरातलं आम्ल वर चढतं. पुढं पिशवी वाढते, जठराला खालून रेटते, त्रास आणखी वाढतो. निम्म्याहून जास्त गरवार बायांना हा त्रास होतो. बाळाला त्यानं काही होत नाही, आणि बाळंत झाल्यावर बहुतेकींचा तो जातो.

बाळाला जावळ दाट असलं की आईला जळजळ होते, असं आपल्या म्हाताऱ्या सांगतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ६४ बायकांवर हे तपासलं. २००६ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. निघाले होते खोटं ठरवायला, आकडे पडले म्हाताऱ्यांच्या पारड्यात! अभ्यास लहानच, पण मला बरं वाटलं.

आता केज तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. नावं सांगत नाही, ती माणसं अजून बाजारात भेटतात. सून पहिलटकरीण, सातवा महिना. अर्धी रात्र बसून काढायची. मी तपासणीला गेले तर सासू म्हणाली, "सिस्टर, लिंबू उतरवलं, खायचा सोडा पाजला, कशानंबी उतार न्हाई." लिंबाचं मी काही बोलले नाही. सोडा मात्र तिथल्या तिथं बंद करायला लावला. त्यात सोडियम फार असतं, अंगावर सूज चढते. परत सांगते, गरवार बाईला जळजळीवर खायचा सोडा द्यायचा नाही.

मग विचारलं, "ही जेवती कधी?" तर आधी पुरुष, मग पोरं, मग सासू आणि सगळ्यात शेवटी ही. रात्रीचे दहा. भाकरी, येसराची आमटी, वर ठेचा. भांडी घासली की लगेच बाजेवर.

शेवटी जेवायची ही रीत कुणी काढली, त्याला एकदा नऊ महिने पोट देऊन बघायला पाहिजे. आणि वाट्याला काय, तर तळातली आमटी. बरं, भाकरी तरी आहे म्हणा.  

मी म्हटलं, "हिला सातला वाढा, आणि बाजेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा ठेवा." सासरे ओसरीत तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "बाज कलती केली तं लक्ष्मी पायाकडून वाहून जाती."

पुढच्या खेपेला गेले तर सुनेच्या डोळ्यांखाली काळं, जळजळ जशीच्या तशी. म्हटलं, विटा कामून काढल्या? "विटा हायेत की," सासू म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. विटा होत्या, पण मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या अंगाखाली! झालं असं, पहिल्या रात्री सून गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा म्हणाले, बघू तरी, आणि पडले त्या बाजेवर. तंबाखूनं त्यांना वर्षानुवर्षं करपट ढेकरा. डोळा लागला तो चहापर्यंत. उठल्यावर बाज ओसरीत नेली, विटांसकट. सुनेला दुसरी बाज दिली, सपाट.

मी विचारलं, "मामा, आणि लक्ष्मी?"

"ती जायची असंल तं सपाट बाजेवरूनबी जाती," मामा म्हणाले.

मग त्यांनाच उठवलं आणि सुनेच्या बाजेखाली विटा लावून घेतल्या. वर सांगितलं, मामा, नुसत्या विटांनी भागत नाही, तुम्हीपण सातला जेवा. झालं! सात वाजले की मामा ओसरीतून "वाढा" म्हणून हाळी देऊ लागले आणि अख्खं घर आठच्या आत जेवून मोकळं. सुनेसाठी जे घडलं नसतं, ते सासऱ्याच्या ढेकरांसाठी घडलं. तिचीही आग निवली.

तर बायांनो, झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवण. परत सांगते, जेवलं की आडवं व्हायचं नाही. उशा रचू नका, त्यानं मान तेवढी वाकते आणि पोट दबतं. अख्खं धड कलतं पाहिजे, म्हणून विटा. जमीन सपाट बघून लावा. डाव्या कुशीवर झोपा. एकदम पोटभर खाण्यापेक्षा थोडं थोडं पाच-सहा वेळा. तिखट, तळण, चहा यांतलं ज्यानं वाढतं ते कमी करा. तंबाखूची मिश्री मात्र पूर्ण बंद, त्यात घासाघीस नाही.

एवढं करूनही जळजळ राहिली तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, ते मिळतं. पण जळजळीचं औषध आणि लोहाची गोळी एकत्र नको, दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी चहासोबतही नको. आणि गोळीनं मळमळतं म्हणून ती कोनाड्यात ठेवून देऊ नका, सोसत नसेल तर आशाताईंना सांगा.

शेवटचं, आणि हे घरातल्या पुरुषांनीही ऐकायचं. पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली जोरात दुखतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतीय, तोंडा-हातावर एकदम सूज आलीय, तर ते पित्त समजू नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. उलटीत रक्त दिसलं तरी ते पित्त समजू नका. सकाळपर्यंत थांबायचं नाही. १०२ ला फोन लावा, गरोदर बाईला ती गाडी फुकट आहे. १०२.