रात्री साडेदहाची मॅच

[दृश्य : रिंकबाहेरचं पार्किंग. गाड्यांच्या डिकीतून अवजड बॅगा निघतायत.]

शिकागो. रात्रीचे साडेदहा. आइस हॉकी खेळायला आलेल्या ह्या हौशी मंडळींना उद्या सकाळी कामावर हजर व्हायचंय. तरी मॅच इतक्या उशिरा, कारण रिंकचा, म्हणजे ह्या मैदानाचा, संध्याकाळचा बर्फ लहान मुलांच्या संघांना आणि फिगर स्केटिंगच्या क्लासना जातो. मोठ्यांच्या वाट्याला उरलीसुरली वेळ. अमेरिका-कॅनडात ह्या हौशी स्पर्धांना ‘बिअर लीग’ म्हणतात. मॅचनंतर ड्रेसिंग रूममध्ये काय उघडतात, ते वेगळं सांगायला नको.

[दृश्य : बाकावर पसरलेलं सामान.]

नवखा माणूस बिचकतो तो ह्या पसाऱ्याला. नडगीचे पॅड, कोपराचे पॅड, खांद्याचं चिलखत, पॅडवाली जाड हाफपँट, हातमोजे, हेल्मेट, स्टिक. आणि वास! पावसात भिजून आठवडाभर पिशवीत राहिलेल्या बुटांना येतो, तसा. बॅग घरात आणायची की गॅरेजमध्येच ठेवायची, ह्या वादात घरोघरी मातीच्या चुली.

यातलं बरंचसं बिनदिक्कत सेकंड हँड घ्यावं. दोन ठिकाणी मात्र काटकसर नको. एक हेल्मेट, कारण आतला फोम किती मार खाऊन बसलाय ते बाहेरून कळत नाही. दुसरे स्केट्स, म्हणजे तळाला पातं असलेले बूट. ते रोजच्या बुटापेक्षा साधारण एक-दीड नंबर लहानच घेतात. टाच आत हलली, की वळताना घोटा दगा देतो.

[दृश्य : धार लावण्याचं मशीन, ठिणग्या, पात्याचा क्लोजअप.]

हे पातं नीट बघा. सुरीसारखी मधोमध एकच धार इथे नाही. फिरत्या दगडाने तळाला लांबीभर बारीक खोलगट पन्हळ पाडतात, म्हणून दोन कडांना दोन धारा तयार होतात. पन्हळ खोल, तर धार बर्फात घट्ट रुतते, वळण कडक बसतं. पण वेग कमी आणि पाय लवकर दमतात. उथळ ठेवली, तर सरकायला सोपं, थांबायला अवघड. धार किती हवी, यावर दुकानाच्या काउंटरवर तासन्‌तास चर्चा रंगतात. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना धड थांबता येत नसतं, ही गोष्ट वेगळी.

हीच धार जिवावरही उठू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सामन्यात स्केटचं पातं मानेला लागून ॲडम जॉन्सन हा व्यावसायिक खेळाडू गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचं संरक्षक सक्तीचं केलं. हौशी खेळाडूंनीही ते घालावं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

[दृश्य : खेळ सुरू. बाकावरून आरडाओरडा.]

हौशी लीगमध्ये मुद्दाम अंगावर धडक मारायला सहसा बंदी असते. बर्फावर दर संघाचे पाच खेळाडू आणि गोलकीपर. मिनिटभर जीव तोडून स्केटिंग करायचं आणि दुसऱ्याला आत सोडून बाकावर यायचं, ही इथली शिस्त. काही महाभाग तीन-तीन मिनिटं हलत नाहीत. आरडाओरडा त्यांच्याच नावाने चाललाय.

सगळ्यात दुर्मीळ प्राणी म्हणजे गोलकीपर. त्याचं सामान सगळ्यात महाग आणि ताशी शंभरेक किलोमीटरने येणारी कडक रबराची चकती अंगावर घ्यायची हौस फार थोड्यांना. म्हणून कित्येक लीगमध्ये त्याची फी कमी असते, नाहीतर माफच.

[दृश्य : शिकागोचं भरलेलं स्टेडियम, जुनं चित्रण.]

२९ मार्च २०१८. शिकागो ब्लॅकहॉक्स ह्या व्यावसायिक संघाचा एक गोलकीपर मॅचआधीच जखमी झाला, दुसऱ्याच्या पायात मॅचमध्ये गोळे आले. अशा वेळेसाठी तेव्हा एक राखीव हौशी गोलकीपर हजर ठेवत. त्या रात्री तो होता ३६ वर्षांचा स्कॉट फॉस्टर. पेशाने अकाउंटंट, कधीकाळी कॉलेजात खेळलेला आणि आता इथल्याच बिअर लीगमधला. समोर विनिपेग जेट्सचे पगारी नेमबाज. फॉस्टर शेवटची १४ मिनिटं उभा राहिला आणि आलेले सातही फटके अडवले. शिकागो ६-२ ने जिंकलं. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगच्या नोंदीत त्याच्या नावावर एवढीच एक मॅच आहे, आणि खाल्लेले गोल शून्य.